उलट्या म्हणजे शुद्धीकरण नव्हे: पिट्युटरीच्या गोळ्या सोडायला सांगणाऱ्या मजकुराला उत्तर

गेल्या महिन्यात माझ्या मावशीच्या मोबाइलवर एक लांबलचक मजकूर आला. पाठवणारी व्यक्ती घरातलीच होती आणि तिने तो मावशीच्या काळजीपोटीच पाठवला होता, त्यामुळे तिच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. माझा राग आहे तो मजकुरावर. 'पिट्युटरी जागी करा, हार्मोनच्या गोळ्या कायमच्या बंद करा' असा त्याचा मथळा होता आणि त्यात सांगितले होते ते थोडक्यात असे: पिट्युटरी म्हणजे पियूषिका ग्रंथी ही सर्व ग्रंथींची राणी आहे आणि ती जागी असली की बाकीच्या ग्रंथी आपोआप नीट चालतात, हार्मोनच्या गोळ्यांनी ती आळशी होते, म्हणून गोळ्या थांबवल्या की २१ दिवसांत ती स्वतःहून कामाला लागते, या दिवसांत मळमळ, उलट्या, भोवळ आणि गळून गेल्यासारखे वाटणे ही शरीर शुद्ध होत असल्याची लक्षणे असतात, तेव्हा घाबरून पुन्हा गोळी घेऊ नये, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे पिट्युटरीचे हार्मोन) नॉर्मल असताना थायरॉइडची गोळी देणे ही फसवणूक आहे, ज्येष्ठमध आणि गाईच्या चिकाचा खरवस ही निसर्गाची स्टेरॉइडे आहेत, आणि हे सारे विकार मुळात मनाच्या ताणातून हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या पिट्युटरीच्या लगेच वर असलेल्या भागात, उगम पावतात, म्हणून भ्रामरी प्राणायाम आणि अंगठ्याच्या पेरावरचा बिंदू दाबणे पुरेसे आहे. शेवटी, नाकातून होणाऱ्या पिट्युटरीच्या शस्त्रक्रियेने स्मरणशक्ती जाते असाही इशारा होता.

मावशीने सोमवारी सकाळपासून आपल्या हार्मोनच्या गोळ्या बंद केल्या आणि घरात कोणाला सांगितले नाही. बुधवारी तिला जेवण जाईना. गुरुवारी उलट्या सुरू झाल्या, तेव्हा मावसभावाने डॉक्टरांकडे जाऊ असे म्हटल्यावर तिने त्याला तोच मजकूर उघडून दाखवला आणि यात लिहिलेच आहे की असे होते, चार दिवस कळ काढायची, असे सांगितले. शुक्रवारी पहाटे तिला अंथरुणावरून उठता येईना आणि ती असंबद्ध बोलू लागली. रुग्णालयात पोहोचली तेव्हा वरचे बीपी ७० होते आणि रक्तातले सोडियम ११८, जे निरोगी माणसात १३५च्या खाली जात नाही. तिथल्या तरुण डॉक्टरांनी जुनी फाइल पाहिली, रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन शिरेतून दिले आणि सलाइन लावले. संध्याकाळी ती उशीला टेकून बसली होती आणि चहा मागत होती. आणखी एक दिवस ती शुद्ध होत राहिली असती, तर हा लेख लिहिण्याचे कारण वेगळे असते.

या मजकुरातला प्रत्येक शब्द तिच्या बाबतीत कसा चुकीचा आहे हे समजण्यासाठी तिला नेमके काय झाले होते हे सांगायला हवे. १९८८ साली सातारा जिल्ह्यातल्या गावी, घरीच, तिचे तिसरे बाळंतपण झाले. वार अडकली, अंगावरून अतोनात गेले, आणि बैलगाडीतून व मग जीपमधून तालुक्याला नेईपर्यंत ती बेशुद्ध पडली होती. ती वाचली. पण त्या बाळाच्या वेळी तिला पान्हा फुटला नाही, पाळी पुन्हा कधी आली नाही, काखेतले केस गेले, त्वचा फिकट व मऊ पडली आणि उन्हाळ्यातही तिला थंडी वाजू लागली. अशक्तपणा, रक्त कमी, लवकर आलेला पाळीचा बंद, अशी एकेक नावे तिला पंधरा वर्षे मिळत राहिली. २००३ साली साध्या तापात ती कोसळली तेव्हा कुठे एका डॉक्टरांनी तिला बाळंतपणाचा आणि दुधाचा प्रश्न विचारला, आणि निदान झाले: शीहान सिंड्रोम.

ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ साली या विकाराचे वर्णन केले. बाळंतपणात मोठा रक्तस्राव होऊन दगावलेल्या स्त्रियांच्या पिट्युटरीचा पुढचा भाग मेलेला असतो, हे त्यांनी शवविच्छेदनांतून दाखवले. गरोदरपणात ही ग्रंथी बरीच वाढते, पण तिला मिळणारे रक्त मुख्यतः हायपोथॅलॅमसकडून खाली येणाऱ्या, कमी दाबाच्या बारीक शिरांमधून येते. त्यामुळे आईचे बीपी कोसळले की वाढलेल्या ग्रंथीला रक्त पुरत नाही आणि तिच्या पेशी मरतात. प्रसूतीची सोय सुधारली तिथे हा विकार दुर्मीळ झाला, आपल्याकडे तसा झालेला नाही. श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर इन्स्टिट्यूटमधील अब्दुल हमीद झरगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत काश्मीर खोऱ्यातल्या, मूल झालेल्या व वीस वर्षांवरील स्त्रियांमध्ये याचे प्रमाण सुमारे ३ टक्के असल्याचा अंदाज निघाला, आणि त्यांतल्या जवळजवळ दोन-तृतीयांश जणींचे बाळंतपण घरी झाले होते. म्हणजे असा मजकूर हजारो फोनांवर फिरतो तेव्हा तो एखाद्या मावशीपर्यंत पोहोचणे हा योगायोग नसतो.

आता सर्वांत घातक मुद्दा, आणि मी सर्वाधिक वेळ त्यावरच देणार आहे: गोळ्या थांबवल्यावर येणाऱ्या उलट्या, भोवळ आणि ग्लानी ही शुद्धीकरणाची लक्षणे आहेत, हे विधान. मावशी रोज हायड्रोकॉर्टिसोन घेते. हे कॉर्टिसॉल आहे, आपल्या अधिवृक्क ग्रंथी, ज्यांना डॉक्टर अॅड्रेनल म्हणतात, रोज तयार करतात तोच पदार्थ, गोळीच्या रूपात. निरोगी माणसात पहाटे हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचे हार्मोन सोडतो, त्याने पिट्युटरी एसीटीएच सोडते, त्याने अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात, आणि रक्तातले कॉर्टिसॉल पुरेसे झाले की तेच वर जाऊन हायपोथॅलॅमस व पिट्युटरी या दोघांनाही आवरते. मावशीच्या शरीरात या साखळीची मधली कडी १९८८ पासून नाही. गोळी हीच तिची कॉर्टिसॉलची एकमेव भरवशाची आवक आहे, आणि घेतलेल्या गोळीचा परिणाम काही तासांतच ओसरत जातो.

ही आवक थांबली की काय होते ते वैद्यकाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. कॉर्टिसॉलवाचून रक्तवाहिन्या अॅड्रेनॅलिनसारख्या हार्मोनांना नीट प्रतिसाद देत नाहीत आणि बीपी उतरते. उपाशीपोटी साखर टिकवून धरण्याची यकृताची क्षमता कमी होते. आणि हायपोथॅलॅमसचा एक अगदी महत्त्वाचा भाग बेलगाम होतो: शरीरात पाणी रोखून धरणारे व्हेसोप्रेसिन हे हार्मोन हायपोथॅलॅमसमध्ये तयार होते, आणि त्याला आवर घालणाऱ्या गोष्टींपैकी एक कॉर्टिसॉल आहे. तो आवर सुटला की मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात, रक्त पातळ होते, सोडियम घसरते आणि मेंदूच्या पेशींना सूज येऊ लागते. मावशीचे असंबद्ध बोलणे यातूनच आले होते. अशा रुग्णांत पोटॅशियम बहुधा ठीक असते, कारण ते सांभाळणारे अल्डोस्टेरॉन पिट्युटरीच्या हुकमावर फारसे अवलंबून नाही. त्यामुळे रिपोर्ट चाळणाऱ्यालाही कधी कधी चकवा बसतो. मग मळमळ, भूक जाणे, उलट्या, पोटदुखी, अतोनात थकवा, उभे राहिल्यावर भोवळ, शेवटी बेशुद्धी. याला अॅड्रेनल क्रायसिस म्हणतात आणि यात माणूस मरतो.

मजकुरात दिलेली 'शुद्धीकरणाची लक्षणे' आणि ही यादी शेजारी ठेवून वाचा. ती एकच आहे. ज्याने कोणी तो मजकूर लिहिला, त्याने धोक्याच्या प्रत्येक खुणेवर बरे होण्याची पाटी लावली आहे, आणि वर घाबरून गोळी घेऊ नका अशी ताकीद देऊन परतीचा रस्ताही बंद केला आहे. चुकीचे औषध सांगणारा माणूस निदान त्रास झाल्यावर रुग्णाला डॉक्टरांकडे जाऊ देतो. इथे त्रास जितका वाढेल तितका रुग्णाचा विश्वास वाढावा अशी रचना आहे, आणि माझ्या मावशीसारखी सोशिक बाई, जिला आयुष्यभर कळ काढायचीच सवय लावली गेली आहे, ती त्यात अलगद सापडते. हे वाक्य मी कितीही वेळा वाचले तरी मला ते माफ करता येत नाही.

याउलट जगभरचे अंतःस्रावतज्ज्ञ काय सांगतात? एंडोक्राइन सोसायटी या संस्थेने २०१६ साली पिट्युटरीच्या कमतरतेसाठी हार्मोन कसे द्यावेत याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत हायड्रोकॉर्टिसोनचा दिवसाचा एकूण डोस साधारणपणे १५ ते २० मिलिग्रॅम, आणि विभागून दिल्यास त्यातला मोठा भाग सकाळी उठल्याबरोबर, असे म्हटले आहे, म्हणजे शरीराची स्वतःची पहाटेची लय शक्य तितकी राखली जावी. ताप, अपघात, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी डोस वाढवायचा, हे प्रत्येक रुग्णाला शिकवलेच पाहिजे, तातडीचे इंजेक्शन रुग्णाच्या घरी असावे आणि आजाराची ओळख सांगणारे कार्ड किंवा कडे रुग्णाजवळ असावे, हेही तिथेच आहे. उलट्या होत असतील तर गोळी पोटात टिकत नाही, म्हणून इंजेक्शन. त्या मजकुराने जिथे गोळी घेऊ नका म्हटले, नेमक्या त्याच क्षणी वैद्यक सांगते की नेहमीपेक्षा अधिक द्या आणि लगेच द्या.

गोळ्यांनी ग्रंथी आळशी होते, या मुद्द्यात अर्धे सत्य आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावे लागते. दमा, संधिवात, त्वचारोग यांसाठी प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे शरीराच्या गरजेपेक्षा जास्त मात्रेत महिनोन्महिने घेतली, किंवा गुडघेदुखीवर कोणाकडून तरी आणलेल्या नाव नसलेल्या पुड्यांत ती मिसळलेली असली, तर हायपोथॅलॅमसला वाटते की कॉर्टिसॉल भरपूर आहे. तो सीआरएच सोडणे थांबवतो, पिट्युटरी एसीटीएच सोडणे थांबवते आणि अधिवृक्क ग्रंथी आक्रसतात. पिट्युटरीतल्या छोट्या गाठीने एसीटीएच अति प्रमाणात सोडणाऱ्या कुशिंगच्या आजारातही असेच होते: वाढलेले कॉर्टिसॉल हायपोथॅलॅमसला आणि पिट्युटरीच्या उरलेल्या निरोगी पेशींना गप्प करते, म्हणून गाठ काढल्यावर रुग्णाला काही काळ हायड्रोकॉर्टिसोन द्यावेच लागते. पिट्युटरीतला बिघाड हायपोथॅलॅमसला कसा गप्प करतो, त्याचे हे सर्वांत ठळक उदाहरण आहे.

पण या दाबलेल्या साखळीला उठायला किती वेळ लागतो, हे १९६५ सालीच ग्रेबर, लिडल आणि सहकाऱ्यांनी मोजून ठेवले आहे. दीर्घकाळ दबलेल्या रुग्णांत आधी एसीटीएच परत येते आणि अधिवृक्क ग्रंथी त्याच्याही मागून जाग्या होतात. हे सगळे व्हायला अनेक महिने लागतात. २१ दिवसांचा आकडा कुठून आला ते मजकूर लिहिणाऱ्यालाच ठाऊक. म्हणूनच अशा रुग्णांचेही स्टेरॉइड एकदम बंद करत नाहीत, डॉक्टर ते हळूहळू उतरवतात. आणि मावशीच्या बाबतीत तर हा प्रश्नच उद्भवत नाही. तिची पिट्युटरी दबलेली नाही, ती नष्ट झालेली आहे. स्कॅनमध्ये तिच्या जागी द्रवाने भरलेली हाडाची पोकळी दिसते. ज्या पेशी १९८८ साली मेल्या, त्या गोळी बंद केल्याने जाग्या होत नाहीत. तिला मिळणारी मात्रा गरजेपेक्षा जास्त नाही, जे शरीराने तयार करायला हवे होते तेवढेच ते आहे.

आता राणीचे रूपक. पाठ्यपुस्तकांनीही पूर्वी पिट्युटरीला प्रमुख ग्रंथी म्हटले, त्यामुळे हा गैरसमज केवळ मजकूर लिहिणाऱ्याचा नाही. कवटीच्या तळाशी, हाडाच्या एका खोबणीत बसलेली, हरभऱ्याएवढी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची ही ग्रंथी हुकूम सोडते हे खरे, पण ते तिला वरून यावे लागतात. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जेफ्री हॅरिस यांनी हे दाखवून दिले. १९५२ साली त्यांनी आणि डोरा जेकबसन यांनी पिट्युटरी काढून टाकलेल्या माद्या उंदरांच्या मेंदूत दुसऱ्या पिट्युटरीचे रोपण केले. हायपोथॅलॅमसच्या अगदी खाली, त्याच्याकडून येणाऱ्या शिरांच्या जाळ्यात ती बसवली तेव्हा उंदरांचे माजाचे चक्र परतले आणि काहींना पिल्लेही झाली. तीच ग्रंथी मेंदूच्या दुसऱ्या भागाखाली ठेवली तेव्हा ती जिवंत राहूनही निष्क्रिय पडून राहिली. त्या शिरांतून नेमके काय येते, हे शोधायला रॉजर गिलमाँ आणि अँड्र्यू शॅली यांच्या दोन प्रतिस्पर्धी गटांनी मेंढ्यांचे आणि डुकरांचे लाखो हायपोथॅलॅमस गोळा करून पुढची दीड-दोन दशके घालवली. १९६९ साली टीआरएच (थायरॉइडची साखळी चालवणारे हायपोथॅलॅमसचे हार्मोन) आणि त्यानंतर दोन वर्षांनी जीएनआरएच (अंडाशय व वृषणांची साखळी चालवणारे) यांची रचना उलगडली, आणि १९७७ साली दोघांना नोबेल मिळाले. पिट्युटरीचा मागचा भाग तर हायपोथॅलॅमसमधल्याच चेतापेशींच्या तंतूंची टोके आहेत. व्हेसोप्रेसिन आणि ऑक्सिटोसिन वर तयार होऊन तिथे फक्त साठतात.

आमच्या भागात कालव्याच्या पाण्याची पाळी लागते तेव्हा वरून चिठ्ठी येते, पाटकरी दार उघडतो, आणि शेते भिजली की तसा निरोप वर जातो. तिथे राणी कोणीच नसते. पाटकरीच उरला नाही तर वरच्या कार्यालयाने कितीही चिठ्ठ्या धाडल्या तरी दार उघडत नाही, आणि पाटकरी भलतेच निरोप वर पाठवू लागला तर कार्यालयच गोंधळते. दुसऱ्या प्रकारचे उदाहरण प्रोलॅक्टिनच्या गाठीचे आहे. हायपोथॅलॅमस एरवी डोपामिन पाठवून पिट्युटरीतल्या प्रोलॅक्टिनला सतत आवरून धरतो. गाठीतून प्रोलॅक्टिन वाढले की ते उलट हायपोथॅलॅमसवर परिणाम करते आणि जीएनआरएचच्या ठराविक अंतराने येणाऱ्या लहरी मंदावतात. परिणामी स्त्रियांची पाळी थांबते, पुरुषांची इच्छा व शक्ती कमी होते, आणि अंडाशय किंवा वृषण मुळात निरोगी असूनही मूल होत नाही. अशा बहुतेक गाठी कॅबरगोलीनच्या, म्हणजे डोपामिनसारखे काम करणाऱ्या औषधाच्या गोळीने आक्रसतात आणि शस्त्रक्रिया टळते. गोळ्या म्हणजे ग्रंथीची गुलामी, असे सांगणाऱ्याने या एका आजाराचा विचार केला असता तरी पुरे होते. गाठ मोठी होऊन वर सरकली तर ती दृष्टीच्या नसांच्या जोडावर आणि क्वचित खुद्द हायपोथॅलॅमसवर दाब आणते, आणि तेव्हा डोळ्यांच्या दोन्ही बाहेरच्या बाजूंचे दिसेनासे होणे किंवा भूक, तहान, झोप बिघडणे अशी लक्षणे येतात. अंगठ्याचे पेर दाबत महिने घालवण्याची ती वेळ नसते.

टीएसएचचा मुद्दा थोडक्यात, पण लक्षपूर्वक वाचावा असा आहे, कारण तो ऐकायला पटतो. ज्यांच्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथीच बिघडली आहे, त्यांच्यात पिट्युटरी तक्रार म्हणून टीएसएच वाढवते, त्यामुळे ती तपासणी उपयोगी पडते. जिथे तक्रार करणारी पिट्युटरीच आजारी आहे, तिथे टीएसएच कमी, नॉर्मल किंवा किंचित वाढलेलेही असू शकते आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही. तिथे फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातले खुद्द थायरॉइडचे हार्मोन, पाहायचे असते. वर सांगितलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट शब्दांत आहे. 'टीएसएच नॉर्मल म्हणून गोळी ही फसवणूक' हे वाक्य त्यामुळे नेमके पिट्युटरीच्या रुग्णांनाच लागू पडत नाही, ज्यांच्यासाठी तो मजकूर लिहिल्याचा दावा आहे. आणखी एक गोष्ट अनेक सुशिक्षितांनाही माहीत नसते: कॉर्टिसॉलची कमतरता भरून न काढता आधी थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, सुरू केले, तर शरीर उरलेसुरले कॉर्टिसॉलही लवकर संपवते आणि क्रायसिस ओढवू शकतो. म्हणून आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन. दोन्ही औषधे बंद करून, थकवा वाटला म्हणून फक्त थायरॉइडची गोळी पुन्हा सुरू करणारा रुग्ण स्वतःला अधिकच धोक्यात घालतो.

ज्येष्ठमधाबद्दलही थोडे सत्य मान्य करतो. त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे मूत्रपिंडात कॉर्टिसॉल निष्क्रिय करणारे एक विकर (एन्झाइम) अडते, त्यामुळे असलेल्या कॉर्टिसॉलचा परिणाम तिथे वाढतो; बीपी चढते, पोटॅशियम उतरते, आणि जास्त ज्येष्ठमध खाणाऱ्यांना त्याचा खरोखर त्रास होतो. पण ज्याच्याकडे कॉर्टिसॉल नाही, त्याचे काय वाढणार? ज्येष्ठमधात कॉर्टिसॉल नसते. खरवसाचा संबंध तर केवळ नावावरून जोडलेला दिसतो: पीयूष म्हणजे चीक, म्हणून पियूषिकेला चीक. चिकात उत्तम प्रथिने असतात, मला स्वतःला खरवस आवडतो, मावशीने तो खावा. पण पिट्युटरीची हार्मोने ही प्रथिने किंवा त्यांचे तुकडे असतात आणि पोटात गेली की इतर प्रथिनांसारखीच पचतात, म्हणून वाढीचे हार्मोन आजही टोचूनच द्यावे लागते. नैसर्गिक ते निर्धोक, या समजुतीपायी या क्षेत्राने मोठी किंमतही मोजली आहे. वाढ खुंटलेल्या मुलांना १९८५ पर्यंत मृत माणसांच्या पिट्युटरीतून काढलेले, म्हणजे शंभर टक्के नैसर्गिक हार्मोन टोचले जात होते. त्यातून काहींना क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचे कळले, तेव्हा ते थांबले आणि त्याची जागा प्रयोगशाळेत बनवलेल्या हार्मोनने घेतली.

ताणाचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. सततची उपासमार, अतिव्यायाम किंवा दीर्घ मानसिक ताण यांनी हायपोथॅलॅमस जीएनआरएच कमी सोडतो आणि तरुण मुलींची पाळी थांबते, हे चांगले अभ्यासलेले आहे, आणि तिथे खाणे, विश्रांती व मनाचा आधार हाच मुख्य उपचार असतो. भ्रामरीने ज्याला शांत वाटते त्याने ती जरूर करावी. मात्र रक्तस्रावाने मेलेला पिट्युटरीचा तुकडा हा मावशीच्या मनाच्या कमकुवतपणाचा परिणाम आहे असे तिला सुचवणे मला क्रूरपणाचे वाटते. ती त्या रात्री बैलगाडीत होती. तिचे मन कमकुवत नव्हते, तिला वेळेवर रक्त मिळाले नाही. शस्त्रक्रियेविषयी एवढेच सांगतो की पिट्युटरीच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, आणि नाकातून जाताना शल्यविशारद मेंदूच्या खालून, हाडातून ग्रंथीपर्यंत पोहोचतात, स्मरणशक्तीशी संबंधित भाग त्या वाटेवर लागत नाहीत. तिचे खरे धोके वेगळे आहेत, ते शल्यविशारद आधी समजावून सांगतात.

मावशी आता घरी आहे. मावसभावाने रुग्णालयातल्या परिचारिकेकडून इंजेक्शन कसे भरायचे आणि मांडीत कसे द्यायचे हे शिकून घेतले, आणि ती कुपी, सिरिंज व कापूस असा डबा कपाटात डोळ्यांच्या उंचीवर ठेवला आहे. तिच्या पर्समध्ये आणि मोबाइलच्या कव्हरमागे आम्ही एक कार्ड घातले. ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांनी आपल्या डॉक्टरांना दाखवून ते जसेच्या तसे उतरवून घ्यावे: 'मला पिट्युटरीचा आजार आहे. माझ्या शरीरात कॉर्टिसॉल तयार होत नाही. माझी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी एक दिवसही बंद करू नये. मी बेशुद्ध असल्यास, मला उलट्या होत असल्यास, मोठी इजा झाल्यास किंवा माझे बीपी उतरल्यास रिपोर्टची वाट न पाहता मला हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून किंवा स्नायूत द्यावे, सलाइन लावावे आणि रुग्णालयात न्यावे.' खाली मावसभावाचा नंबर आहे. तो मजकूर जिच्याकडून आला होता, तिने स्वतःच या कार्डाचा फोटो काढून त्याच गटात टाकला.